मर्सी नदीच्या उत्तर तीरी

आमच्या वऱ्हाडात परदेशाहून आलेल्या माणसास दोन प्रश्न हटकून विचारतात. पहिला, “तिकडे थंडी फार असते ना हो?” आणि दुसरा, “जेवणाचे हाल झाले असतील?” गतवर्षी एप्रिलच्या मध्यास मी यवतमाळहून निघून इंग्लंडातील मँचेस्टर शहरी चिरंजिवांकडे गेलो व सप्टेंबर सरता सरता परत आलो. तेव्हापासून ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मी इतक्या वेळा दिली आहेत की, ती आता शब्दरूपावलीप्रमाणे तोंडपाठ झाली आहेत. परंतु ज्या गोष्टींचे मला खरोखर नवल वाटले, त्या कोणीच विचारीत नाही. त्या सांगाव्यात, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

विमानप्रवासाचे वर्णन मी करीत नाही. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरचे कोणी ना कोणी आता विमानातून जाऊन आलेले असते. यवतमाळहून निघालो त्या दिवशी उष्मा ४३ अंशांवर होता आणि मँचेस्टरात उतरलो तेव्हा तो अवघा १० अंश होता, इतके सांगितले म्हणजे पुरे. चिरंजीव मला न्यावयास आले होते. त्यांनी प्रथम नमस्कार केला व लगेच अंगावर एक लोकरी डगला चढविला. पुढील साडेपाच महिन्यांत तो डगला माझ्या अंगावरून फारसा उतरला नाही. जुलैत एके दिवशी पारा २८ अंशांवर गेला, तेव्हा तिकडील लोक उकाड्याने हैराण होऊन बागेत लोळत होते आणि मी डगल्याची गुंडी लावावी की काढावी ह्या विचारात बसलो होतो.

चिरंजीव डिड्सबरी नावाच्या उपनगरात राहतात. लाल विटांची, एकमेकांस चिकटलेली, एकाच साच्यातून काढल्यासारखी घरे. पहिल्या आठवड्यात मी दोन वेळा शेजारच्या फाटकात शिरलो. पुढे सूनबाईंनी आपल्या दाराशी तुळशीची कुंडी ठेवली, तेव्हा ती अडचण दूर झाली. आमचे यवतमाळचे घर अकरा माणसांचे. पहाटेपासून कोणी पाणी भरतो आहे, कोणी ताक घुसळते आहे, कोणी रेडिओ मोठ्याने लावला म्हणून दुसरा ओरडतो आहे, असा सगळा कारभार. तिकडे सकाळी साडेआठ वाजता चिरंजीव, सूनबाई व आठ वर्षांचा नातू हे तिघे तीन दिशांना निघून जात आणि मागे घड्याळाच्या टिकटिकीवाचून दुसरा आवाज उरत नसे. घराची शांतता कानाला इतकी बोचू शकते, हे मला साठी उलटल्यावर कळले.

मग मी फिरावयास निघू लागलो. तिसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरील दुकानदाराने मजकडे पाहून विचारले, “यू ऑल राइट?” परक्या मुलखात इतक्या अगत्याने कोणी प्रकृतीची चौकशी करावी, ह्याने मी गहिवरलो. उजवा गुडघा थंडीने धरतो, झोप दोनला मोडते, पचन मात्र ठीक आहे, असे त्यास सविस्तर निवेदन केले. बिचारा पाव हातात धरून ऐकत राहिला. मागे चार गिऱ्हाइके उभी होती. सायंकाळी हा वृत्तांत ऐकून नातू हसून हसून पलंगावरून खाली पडला. त्या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडील ‘काय, कसं काय?’ इतकाच असून त्याचे उत्तर त्याच प्रश्नाने द्यावयाचे असते, असे त्याने मला शिकविले. चाळीस वर्षे मुलांना शिकवून झाल्यावर मी असा विद्यार्थी झालो.

दुसरा धक्का ‘लव्ह’ ह्या शब्दाचा. भाजीच्या दुकानातील पोक्त बाई सुटे पैसे हातावर ठेवताना मला ‘लव्ह’ म्हणाली. मी इकडे तिकडे पाहिले. मागे कोणी नव्हते. त्या प्रांतात बसची चालक, टपाल कचेरीतील बाई, औषधे देणारी मुलगी, सगळ्या सगळ्यांस तसेच संबोधितात, हे मागाहून समजले. आपल्याकडे भाजीवाली ‘बापू’ म्हणते, ‘बाबा’ म्हणते, तसेच ते. भाषा निराळी, पण परक्याशी बोलताना त्याला क्षणभर घरचा करून घेण्याची रीत दोन्हीकडे एकच.

आता थोडे धर्मसंकटाविषयी. माझा रोजचा संध्येचा नेम आहे. यवतमाळ २० अंश अक्षांशावर; तेथे सूर्यनारायण वर्षभर शिस्तीने वागतात. मँचेस्टर ५३ अंशांवर. जूनच्या उत्तरार्धात तेथे सूर्योदय पावणेपाचच्या आत होई आणि सूर्यास्त रात्री पावणेदहाच्या सुमारास. सायंसंध्या करून मग भोजन, असा क्रम धरावा तर भोजनास दहा वाजत. आणि आधी भोजन करावे तर संध्येपूर्वी जेवल्याचा दोष. तीन दिवस मी उपाशीपोटी सूर्याची वाट पाहत खिडकीशी बसलो. चौथ्या दिवशी सूनबाई म्हणाल्या, “बाबा, सूर्य इथलाच आहे, त्याला सवय आहे. तुम्हाला नाही. तुम्ही जेवून घ्या.” शास्त्रार्थात इतका थोडक्यात निर्णय मी यापूर्वी ऐकलेला नव्हता. मी घड्याळाच्या सातला संध्या करू लागलो.

त्याहून गंमत संकल्पाची. संकल्पात आपण कोठे बसून कर्म करीत आहोत तो पत्ता सांगावा लागतो. आम्ही यवतमाळकर पिढ्यान् पिढ्या दंडकारण्य देशात, गोदावरीच्या उत्तर तीरावर बसत आलो. पैनगंगा व वर्धा आमच्या जिल्ह्याच्या सीमा आखीत जातात व पुढे त्यांचे पाणी गोदावरीसच मिळते. तेव्हा पत्ता बिनचूक आहे. परंतु मँचेस्टरात बसून गोदावरीचे नाव घेणे म्हणजे देवास चुकीच्या पत्त्यावर पत्र घालण्यासारखे. मी नकाशा काढला. डिड्सबरीच्या दक्षिणेस मर्सी नदी वाहते. घर तिच्या उत्तरेस. मग ‘मर्सीनद्या उत्तरे तीरे’ असे म्हणू लागलो. उत्तर तीर कायम राहिले, ह्याचे मनास फार समाधान वाटले.

असे म्हणताना मला लोकनायक बापूजी अणे ह्यांची आठवण येई. बापूजी आमच्या जिल्ह्यातील वणीचे. १९३० साली पुसदला जंगल सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले आणि पुढे १९४३ ते १९४७ ह्या काळात हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनात राहिले. संस्कृतात लोकमान्यांचे चरित्रकाव्य ‘तिलकयशोर्णव’ लिहिणाऱ्या त्या पंडिताला प्रत्यक्ष लंकेत राहावे लागले, तेव्हा त्यांनी संकल्पात कोणता पत्ता घातला असेल बरे? त्यांच्यापुढे माझा मर्सीचा प्रश्न अगदीच किरकोळ.

चतुर्थीने मात्र माझी परीक्षाच पाहिली. आमच्या घराण्याचा कळंबच्या चिंतामणीवर भाव. जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावे तेव्हा त्याचे दर्शन घडते. दर बारा वर्षांनी कुंडाचे पाणी चढून देवाच्या चरणांस लागते, अशी श्रद्धा आहे. संकष्टीचा उपास मी लहानपणापासून करतो. बरोबर नेलेल्या पंचांगातील चंद्रोदय इकडचा. तिकडे त्याचा उपयोग नाही. जूनमधील चतुर्थीस चंद्र उगवावयास मध्यरात्र आली. नातू जागा राहिला होता. आकाश नेहमीप्रमाणे ढगांनी भरलेले. त्याने फोनचे यंत्र उघडून आकाशाकडे धरले व म्हणाला, “आजोबा, चंद्र तिथे आहे. त्या चिमणीच्या मागे. फक्त दिसत नाही.” त्या चिमणीस मी अर्घ्य दिले व मोदक खाल्ला. दिसत नाही पण आहे, हे मानण्याची सवय आम्हांस असतेच. यंत्राने तिला दुजोरा दिला इतकेच.

ह्या नातवाच्या मराठीचे काय वर्णन करावे! शब्द त्याला पुष्कळ येतात, पण लिंग व वचन ह्यांशी त्याचे वैर. “माझा पुस्तक कुठे गेली?” हे त्याचे नित्याचे वाक्य. इंग्रजीत लहानथोरांस एकच सर्वनाम असल्याने तो मला ‘तू’ म्हणे व शेजारच्या मांजरास, सूनबाईंनी थोरांशी कसे बोलावे हे पढविल्यामुळे, ‘तुम्ही’ म्हणे. पहिल्या सकाळी त्याने विचारले, “आजोबा, तू उठली का?” माझ्यातील मास्तर खवळून उठला, आजोबा मात्र विरघळला. मी ठरविले की, रोज सायंकाळी एक तास त्याला शिकवायचे, पण पुस्तक उघडावयाचे नाही. आम्ही नदीकाठी फिरत असू. दिसेल त्या वस्तूस तो, ती किंवा ते लावावयाचे. झाड ते, फांदी ती, पक्षी तो. फ्लेचर मॉस नावाची एक रम्य बाग तेथे आहे. तिच्यालगतच्या घरात राहणाऱ्या एमिली विल्यमसन ह्या बाईने १८८९ साली पक्षिरक्षणाची संस्था काढली. टोप्यांवरील पिसांसाठी पाखरे मारीत, ते तिला सोसवले नाही. तीच संस्था पुढे देशभर वाढली. नातवाला ही गोष्ट ठाऊक होती. मला ती त्याने मराठीत सांगितली. सांगताना सात चुका केल्या. मी एकही सुधारली नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. शेजारी ऐंशीच्या घरातील एक बाई एकट्याच राहत. कुंपणावरून बोलणे होई. जुलैत त्यांनी मला ‘टी’साठी बोलाविले. वेळ सायंकाळी पाचची. मी घरून पोहे खाऊन, चहापुरती जागा ठेवून गेलो. पाहतो तो मेजावर ताटे, सुरी-काटे व मधोमध वाफाळलेला मोठा पदार्थ! उत्तर इंग्लंडात जुन्या लोकांत ‘टी’ म्हणजे सायंकाळचे भोजन, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी मांसाहार करीत नाही हे लक्षात ठेवून बाईंनी मुद्दाम चीज व कांदा घातलेली पाय केली होती. कांदेनवमी होऊन चातुर्मास लागलेला. आमच्या घरी चातुर्मासात कांदा उंबरठ्याच्या आत येत नाही. पुढे ताट, ताटामागे ते सुरकुतलेले, उत्सुक मुख. मी मनातल्या मनात आचमन केले आणि जेवलो. चातुर्मास दर वर्षी येतो. एकट्या म्हातारीने परक्या माणसासाठी केलेला स्वयंपाक पुन्हा पुढे येईलच असे नाही. पुढे प्रायश्चित्त म्हणून एक दिवस उपास केला, पण खरे सांगावयाचे तर पश्चात्ताप झाला नाही.

जेवताना त्यांनी विचारले, तुमच्या गावी काय पिकते? मी म्हटले, कापूस. त्यांनी काटा खाली ठेवला. त्यांची आई ओल्डहॅमच्या गिरणीत विणकर होती. मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून त्या बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींशी बोलत. आई म्हातारपणी ठार बहिरी झाली, पण खिडकीपलीकडचे बोलणे तिला ओठांवरून समजे. बाईंनी कपाटातून एक लाकडी धोटा काढून माझ्या हाती दिला. दोन्ही टोकांस लोखंडी टोपणे, मधला भाग बोटांनी झिजून गुळगुळीत झालेला. मी दुसऱ्या दिवशी वातींसाठी घरून नेलेल्या कापसातील मूठभर कापूस त्यांना नेऊन दिला. तो पिळून, ओढून, गालाला लावून त्या बराच वेळ बसल्या. जन्मभर सुताच्या गावी राहिलेल्या त्या बाईने कापसाचे झाड कधी पाहिलेले नव्हते. ते किती उंच असते, फूल कोणत्या रंगाचे, वेचतात कोण, हे त्या मला विचारीत होत्या. मी सांगितले: मृगाच्या पावसावर पेरणी, पिवळे फूल लागते, ते दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, दिवाळीच्या आगेमागे पहिला वेचा, वेचणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यांची मजुरी किलोवर. मग त्यांनी विचारले, “आणि भाव? भाव कोण ठरवितो?”

ह्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्यापाशी देता आले नाही. ते शोधीत मी चिरंजिवांसह शहरात गेलो. पिवळ्या ट्रॅमने सेंट पीटर्स स्क्वेअरला उतरून थोडे चालले की रॉयल एक्स्चेंजची इमारत येते. प्रचंड घुमटाकार दिवाणखाना. कापसाच्या व सुताच्या सौद्यांसाठी तेथे हजारो व्यापारी जमत. १९६८ साली तो बाजार कायमचा बंद झाला. आता त्या दिवाणखान्याच्या मधोमध काच-पोलादाचे एक नाट्यगृह, एखादे यान उतरावे तसे, १९७६ पासून बसले आहे. परंतु उंच भिंतीवरील भावांचा फलक त्यांनी काढला नाही. शेवटच्या दिवशी जे आकडे लागले, तेच आजही तेथे आहेत.

त्या फलकाखाली मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध माजले, तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, तेव्हा ह्यांची दृष्टी आमच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव आकाशाला भिडले. वऱ्हाडात पैसा खेळला. युद्ध संपताच भाव कोसळले. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद मापाची आगगाडी झाली. तीच आमची शकुंतला. तिने कापूस मुख्य मार्गापर्यंत न्यावा, तेथून तो मुंबईस, मुंबईहून बोटीने इकडे. लहानपणी त्या गाडीच्या धुराने डोळ्यांत गेलेले कण मी आईच्या पदराच्या ऊबेने काढवून घेतले आहेत. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली ह्याच मँचेस्टरात बांधलेले होते व १९९४ पर्यंत ते राबले, हे मी चिरंजिवांस सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे बाबा, इंजिन इकडून तिकडे गेलं आणि मी तिकडून इकडे आलो.” मी हसलो, पण ते वाक्य मनात रुतून बसले.

एक्स्चेंजपासून जवळच कॅथीड्रलबाहेर महात्माजींचा पुतळा आहे. तो २०१९ मध्ये बसविला. १९३१ च्या सप्टेंबरात, परदेशी कापडावरील बहिष्कारामुळे ज्यांचे काम गेले अशा लँकेशायरच्या गिरणीकामगारांना महात्माजी स्वतः जाऊन भेटले आणि त्या लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. भुकेल्या कामगाराला महात्माजींनी हिंदुस्थानातील भुकेल्यांची स्थिती सांगितली व ती त्याला समजली. माझ्या शेजारीणबाईंनी कापूस गालाला लावला, तेव्हा मला तोच प्रसंग नव्याने दिसला. गिरण्या गेल्या, व्यापारी गेले. आकडे फलकावर गोठले. आमच्याकडे मात्र भाव अजून रोज हलतो. गुलाबी बोंडअळी, फवारणीच्या विषाने २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात गेलेले शेतकरी व मजूर, कर्जापायी स्वतःचे जीवन संपविणारे कुटुंबकर्ते, हे सगळे त्या हलत्या आकड्याखालीच राहतात. बाईंना मी परत येऊन सांगितले, “भाव पूर्वी तुमच्या गावी ठरत असे. आता कोठे ठरतो ते आमच्या शेतकऱ्यास दिसत नाही.” त्या म्हणाल्या, “माझ्या आईलाही दिसत नसे.”

सप्टेंबर लागला. तिकडे घरोघरच्या मराठी मंडळींनी मिळून गणपती बसविला. मी पौरोहित्य केले व प्राणप्रतिष्ठेच्या संकल्पात मर्सीचे नाव घेतले, तेव्हा मागून एकदोघे दबकन हसले. त्या रात्री चिरंजिवांनी विषय काढला. आई गेल्यापासून तुम्ही तिकडे आहात, भाऊ-वहिनी करतात सगळे, पण मला रात्री झोप लागत नाही. तुम्ही इथेच राहा. मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी मान खाली घातली. राहा म्हणणे त्यांच्या हाती नव्हते. पाहुणा म्हणून तेथे एका खेपेस सहा महिन्यांपर्यंतच राहता येते. आणि २०१२ पासूनचे नियम असे कडक की, आईबापांना स्वतःची नित्यकर्मेही दुसऱ्याच्या मदतीवाचून करता येत नाहीत व तशी मदत मायदेशी मिळणे शक्य नाही, असे सिद्ध झाले तरच कायम राहण्याची परवानगी. मी म्हटले, “म्हणजे हातपाय चालतात तोवर मी तुझा बाप नव्हे, पाहुणा!” आम्ही दोघेही हसलो. मग बराच वेळ कोणी बोलले नाही.

मी त्यांना सांगितले ते वाचकांसही सांगतो. नियम सैल असता तरी मी राहिलो असतो, असे मला वाटत नाही. अकरा माणसांच्या घरात माझी एक खाट आहे, कळंबचा चिंतामणी आहे, आणि मृगाच्या आदल्या दिवशी आभाळाकडे पाहणाऱ्या लोकांत मी वाढलो आहे. परंतु ‘राहणार नाही’ हे मी म्हणावयाचे आणि ‘राहू नका’ हे सरकारने म्हणावयाचे, ह्यांत फरक आहे. मुलाला बाप नाकारण्याचे दुःख बापाने द्यावे. ते दुसऱ्या कोणी देऊ नये.

निघण्याच्या दिवशी शेजारीणबाई फाटकाशी आल्या. धोटा त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी घेईना, तेव्हा त्या म्हणाल्या, माझ्यामागे हा कचऱ्यात जाईल. जिथून सूत आले तिकडे जाऊ दे. मग त्यांनी विचारले, “यू ऑल राइट, लव्ह?” ह्या वेळी गुडघ्याविषयी मी काही सांगितले नाही. जसे शिकविले होते तसे, त्याच प्रश्नाने उत्तर दिले.

विमानतळावर नातू माझा हात सोडीना. शेवटी म्हणाला, “आजोबा, तुम्ही पुन्हा कधी येणार?” ‘तुम्ही’ ऐकून माझा ऊर भरून आला, आणि थोडे वाईटही वाटले. मी त्याला म्हटले, “मला तू म्हण. मांजराला तुम्ही म्हण.”

धोटा आता आमच्या देवघराजवळच्या फळीवर आहे. थोरल्या घरची मुले त्याला आगगाडी म्हणून खेळवितात. मी त्यांना हरकत घेत नाही. संध्येला बसलो की जिभेवर कधी कधी प्रथम मर्सी येते. मग थांबून गोदावरीवर परत येतो.